अकरा नंबरची उचकी

रविवारी सकाळी अकरा नंबरच्या बेडवरची उचकी थांबलेली नव्हती, तेव्हाच मला काहीतरी बिनसलंय असं वाटलं. कारण त्या पेशंटची आठवण काढणाऱ्या सगळ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत आठवण काढणं बंद केलं होतं, आणि तसं विभागाला फोन करून कळवलंही होतं.

मी पडद्याशी उभी राहून ऐकत होते. उचकी आली. मी दचकले. पुढची आली, मी पुन्हा दचकले.

पेशंट माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, उचकी मला लागलीया. तू का उड्या मारतीस?"

स्मरणजन्य विकार विभाग आमच्या रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर आहे, कान-नाक-घसा संपलं की डावीकडे. बाहेरचे लोक त्याला उचकी वॉर्ड म्हणतात आणि आतलेही. कोणीतरी आठवण काढली की उचकी लागते हे प्रत्येकाला घरातूनच माहीत असल्यामुळे या विषयाला लेक्चर नसतं, थेट पोस्टिंग असतं. साध्या उचक्या पाण्याच्या घोटावर बऱ्या होतात. ज्या होत नाहीत त्या आमच्याकडे येतात.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी एकाला दर शनिवारी आणि रविवारी तिथे ऑन-कॉल राहावं लागतं. ऑन-कॉल विद्यार्थ्याने औषध द्यायचं नाही, निदान सांगायचं नाही, पेशंटच्या पाठीवर थापटायचं नाही. आठवण काढणारी व्यक्ती कोण ते शोधायचं आणि वॉर्डच्या फोनवरून तिला नम्रपणे थांबवायचं, एवढंच. पेशंटचं नाव मात्र फोनवर घ्यायचं नाही, कारण नाव घेतलं की ज्याला आठवण नव्हती त्यालाही येते. व्यक्ती सापडली की एकच प्रश्न विचारायचा: "घरातून निघताना गॅस बंद केलात का?" हा आमच्या विभागाचा पहिल्या फळीतला उपचार. त्याने माणसाच्या डोक्यातलं बाकी सगळं ताबडतोब निघून जातं. घरीच असलेल्यांसाठी "गच्चीवरचं वाळवण आत आणलंत का" हा पर्याय आहे, पण त्याला आभाळ भरून आलेलं असावं लागतं.

मला फोनवर बोलायची भीती वाटते. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

अकरा नंबरवर सिद्राम ऐवळे होते. जत तालुक्यातले, साठीच्या आसपासचे, सनई वाजवणारे. आयुष्यभर पोटातून जोर लावून फुंकल्याने त्यांचा जुना हर्निया वाढला होता. सोमवारी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. पण भूल देणाऱ्या कित्तूर मॅडमनी केसपेपरवर लिहून ठेवलं होतं, "पेशंट आठवणीत आहे. या अवस्थेत भूल देता येणार नाही." मॅडम रविवारी पाच वाजता पुन्हा येऊन बघणार होत्या. तोवर उचकी थांबली तर ऑपरेशन, नाही तर पुढची तारीख थेट दिवाळीनंतरची.

"दिवाळीनंतर तुळशीचं लगीन," ऐवळेकाकांच्या पत्नी, आक्काताई, मला समजावत होत्या. "आन तिच्या मागनं समद्या गावाची. तवा ह्यांनी हितं टाकं घालून पडायचं व्हय? हंगाम बुडला की पार्टी मोडती, डाक्टरीणबाई. पोरं डीजेवाल्याकडं जात्यात. एकदा गेली की परत येत न्हाईत."

"मी अजून डॉक्टर नाही झाले, मावशी."

"मग लवकर व्हा की. पाचाच्या आत."

आठवण काढणारे कोण कोण असू शकतात, हे शनिवारच्या विद्यार्थ्याने व्यवस्थित विचारून घेतलं होतं. दोन मुली, धाकटा भाऊ, संबळवाला, चौघडावाला आणि एक शेजारी, ज्याला ऐवळेकाकांनी मागच्या महिन्यात शिडी दिली होती. सगळ्यांना गॅस विचारून झाला होता. शेजाऱ्याने शिडीही परत केली होती. तरी उचकी चालूच.

म्हणून मी जवळच्यांच्या पलीकडचे धरायला सुरुवात केली. आधी काय बोलायचं ते तळहातावर लिहिलं. मग वॉर्डच्या आवळे सिस्टरांची परवानगी घेतली, मग पाणी प्यायले, मग परत एकदा परवानगी घेतली.

"लाव गं," सिस्टर म्हणाल्या. "फोन चावत नाही."

पहिला फोन ऐवळेकाकांच्या भाच्याला, त्यांच्याच पलंगाशेजारच्या वॉर्डच्या फोनवरून.

"नमस्कार. मी स्मरणजन्य विकार विभागातून बोलतेय. तुम्ही सध्या कोणाची आठवण काढताय का?"

"कुणाची?"

"ते मला सांगता येत नाही."

"मग काढतोय का न्हाई, कसं सांगू?"

हे बरोबर होतं. तळहातावर याचं उत्तर नव्हतं. "तुमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत," मी म्हणाले. "वाद्याशी संबंधित."

"सिद्रामामा! काय झालं मामाला? आयला, मामा! मला लहानपणी खांद्यावर बसवून..."

माझ्या मागे तीन उचक्या एकापाठोपाठ एक आल्या.

"आवं, थांबवायला फोन लावलाय का वाढवायला?" आक्काताईंनी विचारलं.

मी घाईघाईने भाच्याला गॅसचं विचारलं. तो मोटारसायकलवर मिरजेच्या वाटेवर होता. "आयला," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. उचक्या पुन्हा होत्या तेवढ्यावर आल्या. म्हणजे उपचार लागू पडला होता; फक्त ज्याला दिला त्याला तो आजारच नव्हता.

मी धीर करून पुढचे फोन केले. मोठ्या मुलीच्या सासूबाई. त्यांच्या गावचे सरपंच, ज्यांच्या दोन्ही मुलांच्या लग्नात ऐवळेकाकांनी वाजवलं होतं. एक मंडपवाला. एक भटजी. कोणीच आठवण काढत नव्हतं, पण मी विचारल्यावर सगळे काढायला लागले. सरपंचांनी तर शेजारी बसलेल्या माणसांनाही सांगितलं. दुपारपर्यंत ऐवळेकाकांना श्वास घ्यायला फट मिळेना. ते पलंगाचा कठडा धरून बसले होते आणि प्रत्येक उचकीबरोबर त्यांच्या डोक्यावरची टोपी थोडी थोडी मागे सरकत होती.

मी रजिस्ट्रारना फोन केला. डॉ. फरहान मुजावर सर तेव्हा कॅज्युअल्टीत एका नवरदेवाला बघत होते, ज्याची आठवण दोन वेगवेगळ्या गावांतून येत होती.

"हुपरीकर, तू किती जणांना फोन केलेस?"

"असतील बारा-पंधरा, सर."

"म्हणजे सकाळी एक जण आठवण काढत होता, आता सोळा काढतायत."

"हो सर."

"शाब्बास. आता सगळ्यांना परत फोन कर आणि विसरायला सांग."

"पण सर, काय विसरायचं ते न सांगता कसं सांगू?"

"तेच तर क्लिनिकल स्किल आहे, बाळा," सर म्हणाले आणि त्यांना नवरदेवाकडे जावं लागलं.

मी परत सगळ्यांना फोन केले. सरपंच, भटजी आणि मंडपवाला गॅसवर बरे झाले. मंडपवाला तर लग्नाचा मंडप अर्धवट सोडून आपल्या घरी पळाला, असं त्याच्या माणसाने नंतर कळवलं. सासूबाई मात्र घरीच होत्या, त्यांची शेगडी विजेची होती आणि ऊन कडक होतं. मग मला सुचलं.

"आजी, देवापाशी निरांजन लावलं होतंत ना? पडदा जवळ आहे का हो त्याच्या?"

"अगं बाई!" त्या म्हणाल्या, आणि मागे एक उचकी कमी झाली. आवळे सिस्टरांनी मान डोलावली. हा उपाय नवीन होता. मला पोस्टिंगमध्ये पहिल्यांदाच बरं वाटलं.

तेवढ्यात मलाच उचकी लागली.

ऑन-कॉल विद्यार्थ्यांच्या आयांकडून आम्ही हमीपत्र घेतो, की ड्यूटीच्या दिवशी त्या मुलांची आठवण काढणार नाहीत. माझ्या आईने ते सहीनिशी दिलेलं आहे आणि ती ते दर वेळी जेवणाच्या वेळेला मोडते. मी तिला फोन लावला.

"आई, तू आठवण काढतेयस."

"मी? मी तर भाकरी थापतेय."

"कोणासाठी?"

"आमच्यासाठीच गं. एक जास्त झाली चुकून. तू जेवलीस का?"

"आई, ड्यूटीवर उचकी लागली तर मला वॉर्डमधून बाहेर बसवतात."

"बरं बरं, नाही काढत. पण जेव. आणि फोनवर बोलताना श्वास घे मध्ये मध्ये. तू घेत नाहीस."

माझी उचकी थांबली. ऐवळेकाकांची एकच राहिली होती, सकाळचीच. बाकीचे सगळे बरे झाल्यावर ती स्वच्छ ऐकू येत होती. बाकीच्यांच्या आठवणी येत, जात, मध्येच जोर धरत. ही तशी नव्हती. ही न थकता, न चढता, न उतरता, एकाच अंतराने येत होती. घरात पाणी चढवायची मोटर चालू असावी तशी.

"अशी कोणाची आठवण असते, सिस्टर?" मी विचारलं.

"मी काय सांगू? मी इथे आले तेव्हापासून मला एकदाही उचकी लागलेली नाही," सिस्टर म्हणाल्या आणि इंजेक्शनची ट्रॉली घेऊन निघून गेल्या.

रुग्णालयाच्या मागे एक मंगल कार्यालय आहे. चारच्या सुमाराला तिथे कोणाचा तरी साखरपुडा सुरू झाला आणि त्यांनी सनईची रेकॉर्ड लावली. ऐवळेकाकांनी खिडकीकडे मान वळवली आणि तोंड वाकडं केलं.

"सूर कुठाय त्यात?" ते म्हणाले. "नुसताच वाजवतोय. उचक्. मागं सूर धरल्याला माणूस पायजे का नको? भुई न्हाई आन नाचतंय!"

मला सनईतलं काही कळत नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की सनई कधी एकटी वाजत नाही. एक जण धून वाजवतो, आणि त्याच्या शेजारी दुसरा एक जण दुसरी सनई घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर धरून बसतो. तो बदलत नाही, थांबत नाही. ऐकणाऱ्याला तो वाजतोय हे कळतही नाही. थांबला तर मात्र लगेच कळतं.

"मग तुमचा सूर कोण धरायचं, काका?"

"कुणी न्हाई."

इतकी मोठी उचकी आली की पलंग हलला. मी दोन पावलं मागे गेले.

"कुणी न्हाई काय?" आक्काताई म्हणाल्या. "लखू गेजगे धरायचा की. आवं, म्या लगीन होऊन आले तवापासनं धरत व्हता. आमच्या लग्नात बी त्योच वाजवत व्हता, एकटाच, नुसता सूर. धून वाजवनारा नवरा झाल्ता न्हवं."

"पण काल विचारलं तेव्हा तुम्ही संबळवाले सांगितलेत, चौघडावाले सांगितलेत. यांचं नाव नाही सांगितलंत."

आक्काताईंनी पदराने कपाळ पुसलं. "सूरवाल्याला कोण मोजतंय, बाई? आमच्यात पार्टी मोजताना सूरवाला धरतच न्हाईत. भांडान बी त्याच्यापायीच झालं."

भांडण असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी पार्टीने कापडी बॅनर करून घेतला. त्यावर ऐवळेकाकांचा फोटो आणि नाव, खाली संबळवाल्याचं, चौघडावाल्याचं. लखू गेजगे म्हणाले, माझंही नाव घाला. ऐवळेकाका म्हणाले, एकच तर सूर धरायचा, त्याला नाव कशाला लागतंय? लखूंनी सनई पिशवीत घातली आणि गावाबाहेर जाऊन पिठाची गिरणी टाकली.

"मग तवापासनं सूर कोण धरतंय?" आक्काताईंनी नवऱ्याकडे बघत मला सांगितलं. "मोबाईल. बाजूला ठिवत्यात, त्यात सूर लावून. परवा मंगलाष्टकात त्यावर फोन आला."

आता माझ्यापुढे प्रश्न होता. आमचा विभाग फक्त येणारी आठवण बघतो. पेशंट स्वतः कोणाची आठवण काढतो ती जाणारी आठवण, आणि तिची ओपीडी वेगळी आहे, बुधवारी. त्यामुळे पेशंटला तसं विचारणं माझ्या अधिकारात नव्हतं. पण फोन नंबर विचारायला हरकत नव्हती.

"काका, लखूकाकांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

"न्हाई. उचक्. म्या कशाला ठिवतोय त्येचा नंबर?"

आणि मग छताकडे बघत त्यांनी दहाच्या दहा आकडे न अडखळता सांगितले. मध्ये फक्त एक उचकी आली, ती मी लिहिली नाही.

"पर म्या त्याच्याशी बोलनार न्हाई," ते म्हणाले.

"नका बोलू," आक्काताई म्हणाल्या. "उचक्या बोलत्यातच की."

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि संपली. परत लावला. परत संपली. मी मुजावर सरांना फोन केला. सर म्हणाले, "नाव नको घेऊस, गॅस विचार, आणि लवकर कर, कित्तूर मॅडम जिना चढतायत." मी परत लखू गेजग्यांना लावला. कोणी उचललं नाही.

"गिरणी चालू आसंल," आक्काताई म्हणाल्या. "पट्टा फिरत आसला की कायबी ऐकू येत न्हाई. पाचला लाईट जाती तिकडं. तवाच थांबती ती."

"पाचला?"

"बराब्बर पाचला."

कित्तूर मॅडम आल्या. त्या उंच आहेत आणि त्यांच्या चपलांचा आवाज होत नाही, त्यामुळे मला त्यांची नेहमी भीती वाटते. त्यांनी ऐवळेकाकांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. उचकी आली. त्यांनी स्टेथोस्कोप काढला.

"आठवणीत आहे अजून," त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम," मी म्हणाले. रिसीव्हर माझ्या कानाला होता. "फोन वाजतोय."

"कुठे? मला तर ऐकू येत नाही."

"पलीकडे."

"हुपरीकर, पलीकडे वाजणाऱ्या फोनवर मी भूल देत नाही. पाच वाजता म्हटलं होतं. पाच वाजले." त्यांनी केसपेपर पुढे ओढला.

ऐवळेकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आक्काताईंनी ती उचलली, झटकली आणि परत त्यांच्या डोक्यावर घातली. रिंग संपली. मी परत नंबर फिरवला. नंबर आता मलाही पाठ झाला होता.

कित्तूर मॅडमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. हे रुग्णालयात सगळ्यांना माहीत आहे. विद्यार्थ्यांना, सिस्टरांना, ऑपरेशन थिएटरच्या वॉर्डबॉय मामांना. त्यांना स्वतःला ते कोणी कधी सांगितलेलं नव्हतं.

मी आई म्हणाली होती तसा श्वास घेतला.

"मॅडम, तुमचं घड्याळ पुढे आहे."

दारात ट्रॉली थांबली. सात नंबरची उचकीसुद्धा थांबली, तिचा आठवण काढणारा दुसऱ्या गावी असूनही.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किती?"

"पाच मिनिटं. बऱ्याच वर्षांपासून."

त्यांनी विचार केला. मग पेनाला टोपण लावलं, बेडखालचं स्टूल ओढलं आणि हातांची घडी घालून त्यावर बसल्या.

"म्हणजे मी अजून आलेलेच नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघू नका कोणी."

आम्ही कोणी बघितलं नाही. आवळे सिस्टर खिडकीतून साखरपुडा बघत राहिल्या. तिथली सनईची रेकॉर्ड संपली होती आणि कोणीतरी माईकवर हॅलो हॅलो करत होतं. ऐवळेकाकांची उचकी आली. फोन वाजत होता. पुन्हा उचकी, पुन्हा रिंग. मला वाटलं दोन्हींमधलं अंतर सारखंच आहे, पण मी विद्यार्थिनी आहे, निदान माझ्या अधिकारात नाही. मी तळहातावरचं वाक्य मनातल्या मनात म्हणत होते: नमस्कार, मी स्मरणजन्य विकार विभागातून बोलतेय, तुम्ही सध्या कोणाची. पुढचं घामाने पुसलं गेलं होतं.

वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बारावर गेला.

तिकडे लाईट गेली असावी. एक रिंग अर्ध्यातच तुटली आणि पलीकडे फोन उचलला गेला. मी इतकी दचकले की रिसीव्हर हातातून सुटून ऐवळेकाकांच्या मांडीवर पडला, आणि त्यांनी तो सवय असल्यासारखा उचलून कानाला लावला. त्यांची छाती फुगली होती, पुढची उचकी गळ्यापर्यंत आली होती. ती तिथेच थांबली.

पलीकडून मात्र उचकी आली. वॉर्डभर ऐकू गेली.

मग आवाज आला, "बोल शिदा. किती येळ लावलास?"